गळकी टाकी, करपट पॉड की च्युइंगगम?

माझा भाचा मँचेस्टरला असतो. वाढला इंदूरच्या रामबागेत, सिगारेट शिकला कॉलेजात असताना छप्पन दुकानच्या आसपास, आणि सोडतोय मात्र तिकडे जाऊन, ई-सिगारेटच्या आधाराने. गेल्या दिवाळीत व्हिडिओ कॉलवर शुभेच्छा राहिल्या बाजूला, आधी त्याने जीन्सच्या खिशावरचा तेलकट डाग दाखवला. "मामा, बघ, पुन्हा गळलं." भाऊबीजेला दुसरी तक्रार. "आता गळत नाही, पण कश घेतला की जळक्या कापसाची चव येते." मी पीथमपूरच्या औषध कारखान्यात गुणवत्ता विभागात नोकरी केली. रबरी रिंगा, ग्लिसरीन आणि झाकणं यांतच आयुष्य गेलं, म्हणून घरात काहीही गळलं की फोन मला येतो. त्यात मी स्वतः बावीस वर्षं सिगारेट ओढून निकोटीनच्या च्युइंगगमवर ती सोडलेली. त्यामुळे त्याचा खरा प्रश्नही माझ्याच गळ्यात पडला. ही द्रव भरायच्या टाकीची ई-सिगारेट दुरुस्त करत बसू, छोट्या काडतुसाची म्हणजे पॉडवाली घेऊ, की सगळं सोडून गम चघळू?

कायद्याचं आधीच सांगून टाकतो. भारतात ई-सिगारेट बंद आहे. १८ सप्टेंबर २०१९ ला वटहुकूम निघाला, त्याच वर्षी कायदा झाला. बनवणं, आयात, विक्री, वाटप, जाहिरात, सगळं गुन्ह्यात मोडतं. पहिल्या वेळी एक वर्षापर्यंत कैद किंवा एक लाखापर्यंत दंड, किंवा दोन्ही. साठा करून ठेवला तरी सहा महिने किंवा पन्नास हजार. म्हणजे टाकी की पॉड हा सवाल ज्यांची मुलंबाळं बाहेरदेशी आहेत त्यांच्यासाठी. इंदूरच्या सुदामा नगरात किंवा राजवाड्याजवळ बसून सिगारेट सोडू बघणाऱ्याने सरळ शेवटाकडे, गमच्या भागाकडे जावं. कुणी "भिया, आपल्याकडे मिळते ना" म्हणत असेल, तर त्या पाकिटात नेमकं काय भरलंय हे त्यालाही ठाऊक नसतं.

भाच्याला मी पहिल्यांदा समई आठवायला लावली. वात तेल वर ओढते, टोकाला ज्योत ते खाते. तेल पोचतंय तेवढंच जळतंय तोवर वात टिकते. तेल संपलं की वातच जळू लागते, काजळी धरते. आणि तेल काठोकाठ ओतलं तर ताम्हनात ओघळ. टाकीतही हेच. कापूस म्हणजे वात, बॅटरीवर तापणारी तारेची वेटोळी, म्हणजे कॉइल, ही ज्योत, आणि तेलाच्या जागी भोवती प्रोपिलीन ग्लायकॉल आणि ग्लिसरीनचं निकोटीन घातलेलं मिश्रण, त्याचीच वाफ ओढायची. कॉइलला लागतं त्यापेक्षा जास्त द्रव आला की गळती, कमी आला की करपट. हे दोन वेगळे रोग नाहीत, एकाच तराजूची दोन पारडी आहेत. म्हणूनच भाच्याने गळती थांबवायला जाडसर द्रव घातला आणि चार दिवसांत कापूस जाळून घेतला.

आता टाकी. गळती असेल तर आधी कुठून, ते बघायचं. टाकी पुसून कोरडी करायची, पांढऱ्या टिश्यूवर उभी ठेवायची आणि अर्ध्या तासाने डाग पाहायचा. वरच्या झाकणातून येत असेल तर बहुतेक वेळा रिंग दुमडलेली किंवा चिरलेली असते. दोन पैशांची वस्तू, पण कारखान्यातही निम्मे घोळ तिथेच व्हायचे. तळाच्या हवेच्या भोकांतून येत असेल तर कॉइल पूर्ण घट्ट बसलेली नाही, किंवा कॉइलमध्ये पूर आलाय. कश घेताना गुडगुड आवाज आणि जिभेवर थेंब, ही पुराचीच खूण. टाकी बॅटरीवरून काढायची, तळाला टिश्यू गुंडाळायचा आणि तोंडाकडून जोरात फुंकायचं. साचलेला द्रव भोकांतून बाहेर येतो.

पूर का येतो, हे कळलं की निम्मी भांडणं मिटतात. शरबताची नळी भरून वरच्या टोकावर अंगठा ठेवला की शरबत खाली पडत नाही, अंगठा उचलला की सांडतं. टाकीतला द्रवही असाच, वर कोंडलेल्या हवेचा दाब बाहेरच्यापेक्षा किंचित कमी असतो म्हणून टिकून राहतो. भरताना झाकण उघडलं की अंगठा उचलल्यासारखंच झालं. म्हणून आधी हवेची खिडकी, म्हणजे हवेची ती भोकं, बंद करायची, मग झाकण उघडून कडेने द्रव सोडायचा, मधल्या धुरांड्यात थेंब जाऊ द्यायचा नाही, वर थोडी हवा राखायची, झाकण घट्ट करायचं, टाकी उलटी धरायची आणि तशीच उलटी असताना हवेची खिडकी उघडायची. भाचा हे वर्षभर नेमक्या उलट क्रमाने करत होता.

त्याच्या जीन्सचा डाग मात्र वेगळाच निघाला. तो बार्सिलोनाला विमानाने गेला होता. विमान वर गेलं की केबिनमधला दाब उतरतो, टाकीत कोंडलेली हवा फुगते आणि द्रवाला बाहेर ढकलते. त्यात टाकीचा दोष नाही. प्रवासाला टाकी रिकामी करून न्यायची, आणि बॅटरी हातातल्या बॅगेतच ठेवायची, सामानात टाकायची नाही.

करपटाचं निदान सोपं, उपाय खर्चीक. एक चाचणी आहे. दोन मिनिटं थांबून एकच हलका कश घ्यायचा. चव ठीक आली आणि लागोपाठ चौथ्या-पाचव्या कशाला करपट आलं, तर कापसाला भिजायला वेळ मिळत नाहीये. दमाने ओढायचं, वॅट खाली आणायचे. पहिल्याच कशाला करपट असेल तर कापूस मेला. धुऊन, वाळवून, मायेने काही होत नाही. जळलेली वात पुन्हा पांढरी होते का? कॉइल फेकायची.

नवी कॉइल मरते ती बहुधा घाईने. कापसाच्या भोकांवर चार-पाच थेंब सोडायचे, बसवायची, टाकी भरायची आणि दहा मिनिटं घड्याळ बघत बसायचं. मग बटण न दाबता दोन-तीन कश. कॉइलवर ओहम (तारेचा विजेला होणारा विरोध) आणि वॅटचा पल्ला छापलेला असतो, त्यातल्या खालच्या आकड्यापासून सुरुवात. इथे थोडं गणित कामाला येतं. बॅटरी ३.७ व्होल्टची धरली तर १ ओहमच्या कॉइलवर साधारण १४ वॅट पडतात, ०.२ ओहमवर ६८. ओहम जितका कमी तितकी आग मोठी आणि तितका द्रव जास्त. मोठ्या आगीच्या कॉइलची भोकं रुंद असतात, तिला जाड, ग्लिसरीन जास्त असलेला द्रव लागतो, ७०-३० च्या आसपासचा. पातळ ५०-५० घातला की ती गळते. उलट लहान १ ओहमच्या कॉइलला जाड द्रव दिला की तो तिच्या बारीक भोकांतून वेळेवर पोचत नाही आणि ती करपते. मँचेस्टरच्या डिसेंबरात द्रव आणखी घट्ट होतो, तेव्हा तर हमखास. आपल्याकडे मे महिन्यात खोबरेल पाण्यासारखं होतं, तसं.

गोड चवीच्या द्रवातला सुक्रालोज तारेवर तपकिरी खपली धरतो. आंबा-मलई, कस्टर्ड असल्या चवींमागे कॉइल निम्म्या दिवसांत संपते, हे भाच्याने कबूल केलं.

आणि करपट कश "चालवून घेऊ" म्हणणाऱ्यांसाठी. कढईत तेल फार तापलं की डोळ्यांना झोंबणारा धूर येतो, त्यात अॅक्रोलीन असतं. ग्लिसरीन कोरड्या तारेवर करपलं की तेच तयार होतं, सोबत फॉर्माल्डिहाइड. घसा खरवडतो ते उगीच नाही. गळतीने पँट खराब होते, करपटाने छाती. दोन्हींपैकी एक सोसायचंच असेल तर गळती सोसावी, हे माझं पक्कं मत.

आता पॉड. छोटं काडतूस, कॉइल बहुतेकांत आतच बसवलेली, ओहम जास्त, वॅट कमी, त्यात निकोटीन क्षाराचा पातळ द्रव. भरा आणि ओढा, एवढंच. रिंगा बदलणं नाही, गणित नाही. तळाशी ओल दिसली की लोक गळती समजतात, ती बरेचदा वाफ गार होऊन जमलेलं पाणी-द्रव असतं. टिश्यूने पुसलं, बॅटरीचे पितळी टेकू कोरडे केले की झालं. पण खरोखर गळला किंवा करपला तर आख्खा पॉड कचऱ्यात. टाकीत तुमच्या हातात पाच गोष्टी असतात, पॉडमध्ये जेमतेम दोन. त्या म्हणजे दहा मिनिटं भिजू देणं आणि जोर न लावता ओढणं. सिगारेटचे गाल आत जाईपर्यंत ओढणारे इथे फसतात. जोराने ओढलं की पॉडमध्ये पूर येतो.

वापरून फेकायच्या ई-सिगारेटींची तुलना मी करतच नाही. ब्रिटनमध्ये १ जून २०२५ पासून त्यांची विक्रीच बंद आहे. तिथे टाकी असो की पॉड, २ मिलिलिटरपेक्षा मोठं चालत नाही, निकोटीनची बाटली १० मिलिलिटरपर्यंत आणि जोर मिलिलिटरला २० मिलिग्रॅमपर्यंत. त्यावर १ ऑक्टोबर २०२६ पासून दर १० मिलिलिटरला २.२० पौंड कर तिथल्या सरकारने जाहीर केलाय. आता हा आकडा ६८ वॅटच्या टाकीसमोर ठेवा. ती ढग छान काढते, पण द्रव उसाच्या रसासारखा पिते. १४ वॅटचा पॉड किंवा लहान टाकी त्याच्या कितीतरी कमी. धूर दाखवायचा असेल तर गोष्ट वेगळी. सिगारेट सोडायची असेल तर मोठ्या टाकीचं काहीच काम नाही.

म्हणून भाच्याला मी लहान टाकी सुचवली, १ ओहमची कॉइल, ५०-५० चा बिनगोड द्रव. पॉड नाही, कारण त्याला हात चालवायला आवडतं आणि चूक समजली की तो ती पुन्हा करत नाही. त्याची बायको सिगारेट सोडत असती तर मी डोळे झाकून पॉड म्हटलं असतं. तिला असल्या खटपटी करायला सवड नाही, आणि सवड नसलेल्या माणसाच्या टाकीत कॉइल नेहमी जळकीच सापडते.

राहिला गम. तो करपत नाही असं वाटतं ना? माझा पहिला आठवडा करपटच गेला. मी तो लहानपणीच्या च्युइंगगमसारखा चराचरा चावला. निकोटीन एकदम सुटलं, लाळेबरोबर पोटात गेलं, घशात आग आणि उचक्या. म्हणजे गळती आणि करपट एकदमच. रीत अशी की हळू चावायचा, चव तिखट झाली की गालाच्या आणि हिरडीच्या मध्ये दाबून ठेवायचा, चव ओसरली की पुन्हा थोडा चावायचा. असा अर्धा तास. निकोटीन गालातून शोषलं जायला हवं, पोटातून नाही. आणि चहा! आंबटसर पेय प्यायलं की तोंडात शोषण घटतं, म्हणून गमच्या आधी पंधरा मिनिटं आणि गम तोंडात असेपर्यंत चहा-कॉफी नाही. इंदूरच्या माणसाला सकाळी पोहे-जिलबीवर चहा सोडा म्हणणं म्हणजे छळच. मी आधी चहा उरकायचो, वीस मिनिटं पेपर वाचायचो, मग गम. पहिली सिगारेट उठल्यापासून अर्ध्या तासात लागत असेल तर ४ मिलिग्रॅमचा, नाहीतर २ चा. २ चा मेडिकलमधून सहज मिळतो, ४ ला डॉक्टरची चिठ्ठी लागते. कातडीवर चिकटवायच्या निकोटीनच्या पट्टीचं एवढंच म्हणेन की आपल्या उन्हाळ्यात घामाने तिच्या कडा सुटतात, हिवाळ्यात सुरू करणाऱ्याला ती सोयीची.

मग बरं काय? इंग्लंडमध्ये ८८६ जणांवर झालेली एक चाचणी २०१९ मध्ये प्रसिद्ध झाली. वर्षानंतर सिगारेटपासून दूर राहिलेले ई-सिगारेटच्या गटात १८ टक्के, गम-पट्टी वगैरेंच्या गटात ९.९ टक्के. भाच्याने हा आकडा मला विजयी मुद्रेने वाचून दाखवला. मी त्याला पुढची ओळ वाचायला लावली. जे यशस्वी झाले त्यांतले ८० टक्के वर्षभरानंतरही ई-सिगारेट ओढतच होते, गम-पट्टीवाल्यांत आपापलं साधन अजून वापरणारे फक्त ९ टक्के. म्हणजे सिगारेट सुटायची शक्यता टाकीने जास्त, पण टाकी सुटायची शक्यता गमपेक्षा कमी. मँचेस्टरमध्ये दिवसाला पंधरा सिगारेटी ओढणाऱ्या माणसासाठी मी तरी टाकी निवडेन, निकोटीनचा जोर दर दोन-तीन महिन्यांनी उतरवत नेण्याच्या अटीवर. इंदुरात बसलेल्यासाठी गम, आणि सोबत १८००-११-२३५६ हा सरकारी तंबाखूमुक्ती क्रमांक. फोनवर समुपदेशन मिळतं, पैसे लागत नाहीत.

भाचा आता २० वरून ६ मिलिग्रॅमवर आलाय. गणपतीत घरी यायचं म्हणतोय, तीन आठवडे. काल त्याने विचारलं, "मामा, टाकी बॅगेत आणली तर चालेल का रे?" म्हटलं, तिकडेच ठेव. कोपऱ्यावरच्या मेडिकलमधून २ मिलिग्रॅमची चार पाकिटं मी आणून ठेवतो, पोह्यांबरोबरचा चहा मात्र तुला गमच्या आधीच संपवावा लागेल.