ट्रेडमार्क स्वतः ऑनलाइन भरायचा की एजंटकडे द्यायचा? कोकणातल्या छोट्या ब्रँडवाल्यांसाठी

कोकम सरबत, काजूगर, मालवणी मसाला, लोणची असं घरातनं सुरू करून आता मुंबई-पुण्याला पार्सल पाठवणारे आपल्याकडे खूप झालेत, आणि नाव चालायला लागलं की तेच नाव दुसऱ्याच्या बाटलीवर दिसायला वेळ लागत नाही. त्यामुळे ट्रेडमार्क (म्हणजे आपल्या ब्रँडच्या नावाची सरकारी नोंदणी) करावा की नाही हा प्रश्नच नाही, करावाच. प्रश्न एवढाच की स्वतः भरायचा की पैसे देऊन करून घ्यायचा.

सरकारी फी दोन्हीकडे सेम. ऑनलाइन अर्ज एका क्लासला (म्हणजे माल किंवा सेवेच्या एका सरकारी वर्गाला) ४५०० रुपये, पण हा रेट स्वतःच्या वैयक्तिक नावावर अर्ज असेल तर, किंवा उद्यम सर्टिफिकेट (छोट्या उद्योगांच्या सरकारी नोंदणीचं) असलेली छोटी फर्म नाहीतर मान्यता असलेला स्टार्टअप असेल तर. बाकीच्यांना ९०००. एजंटची फी त्याच्यावर वेगळी. पण स्वतः भरणं म्हणजे अगदी फुकट असंही नाही हां, डिजिटल सिग्नेचर (ऑनलाइन अर्जावर करायची सही) विकत घ्यावी लागते, आणि एकाच अर्जासाठी ती घ्यायची असेल तर तो खर्च आधी हिशोबात धरा.

खरा गुंता क्लासचा. एकूण ४५ क्लास आहेत आणि फी प्रत्येक क्लासची वेगळी. लोणचं आणि भाजलेला काजूगर २९ मध्ये, मसाला ३० मध्ये, ताजा आंबा ३१ मध्ये, कोकम सरबत ३२ मध्ये, आणि होमस्टे-खानावळ असेल तर ती ४३ मध्ये. म्हणजे एकाच घरातल्या चार वस्तूंचे चार क्लास होऊन सरकारी फीच १८,००० वर जाते. माझं मत विचाराल तर ज्या मालावर घर चालतं तो क्लास आधी घ्या, बाकीचे नंतर वेगळा अर्ज करून घेता येतात. काही एजंट सरसकट चार-पाच क्लास गळ्यात मारतात, तिथे हा क्लास कशासाठी म्हणून विचारायचंच.

नाव आधी कोणी घेतलंय का याचा सर्च मात्र कोणाकडूनही करा पण आधी करा. सरकारी साइटवर तो फुकट आहे. समजा नाव ठरलंय ‘दर्यासार’, तर नुसतं तेवढंच टाकून थांबायचं नाही, फोनेटिक (उच्चारावरून होणारा) सर्च लावायचा, इंग्रजी स्पेलिंग तीन-चार तऱ्हांनी टाकायचं, कारण ऐकायला सारखं वाटणारं नाव त्याच किंवा जवळच्या मालासाठी आधीपासून असेल तर ट्रेडमार्क ऑफिसकडून ऑब्जेक्शन येतं. आणि ‘अस्सल मालवणी मसाला’ किंवा ‘देवगड हापूस’ असलं नाव असेल तर एजंट कितीही भारी असो, नुसत्या त्या शब्दांवर तुमचा एकट्याचा हक्क मिळणं फार कठीण, ते मालाचं आणि गावाचं वर्णन झालं. हापूसला तर २०१८ पासून जीआय (भौगोलिक मानांकन) आहे, रत्नागिरी, सिंधुदुर्ग, रायगड, ठाणे, पालघर या जिल्ह्यांसाठी, आणि जीआयची नोंदणी हा ट्रेडमार्कपेक्षा वेगळा विषय आहे.

एजंटचे पैसे खरे वसूल होतात ते एक्झामिनेशन रिपोर्ट (अर्ज तपासून ट्रेडमार्क ऑफिस पाठवतं तो) आला की. ऑब्जेक्शन असेल तर उत्तराला ३० दिवस, आणि त्यात तुमचं नाव वेगळं का आहे, कधीपासून वापरताय, हे नीट मांडायला लागतं. वापर जुना असेल तर पुरावा लागतो: लेबल छापल्याचं छापखान्याचं बिल, कुरियरच्या पावत्या, तारखेसकट विक्रीची बिलं. हे कागद आजच फाइल करून ठेवा, कारण दुसऱ्याने नाव रजिस्टर केलं तरी तुमचा वापर त्याच्या वापराच्या आणि अर्जाच्या दोन्ही तारखांपेक्षा जुना आणि सतत चालू असेल तर कायदा तुम्हाला संरक्षण देतो. पुढे नाव ट्रेडमार्कच्या सरकारी जर्नलमध्ये छापून येतं, मग चार महिने कोणीही विरोध करू शकतो, आणि तसा विरोध आला तर मात्र वकिलाशिवाय जाऊ नका.

एजंटकडे देताना एक गोष्ट नक्की बघा, अर्जात ईमेल आणि मोबाइल कोणाचा टाकलाय. आपल्या ओळखीतल्या एका ताईंच्या अर्जात सगळं एजंटचंच होतं, नोटीस त्याच्याकडे गेली, त्याने कळवलं नाही, आणि मुदत संपल्यावर अर्ज सोडून दिल्यात जमा झाला. अर्ज नंबर स्वतःकडे ठेवा, महिन्यातून एकदा साइटवर स्टेटस बघा, तिथे ‘ऑब्जेक्टेड’ दिसलं की त्याच दिवशी फोन करायचा.

मग माझा सल्ला असा. नाव बनवलेलं, वेगळं आहे, सर्च कोरा आलाय, क्लास एकच आहे आणि घरात कोणी कॉम्प्युटरवर बसणारं आहे, तर स्वतः भरा, लोगोच्या आधी नुसता शब्द भरा, कारण लोगो दोन वर्षांनी बदलतो पण नाव तेच राहतं. सर्चमध्ये जवळपासचं काही सापडलं, किंवा आडनाव-गावाचं नाव आहे, किंवा भागीदारी आहे, तर सुरुवातीपासून जाणकार माणूस घ्या, मात्र ऑब्जेक्शनचं उत्तर फीमध्ये धरलंय का ते आधी लिहून घ्या.

नोंदणी अर्जाच्या तारखेपासून १० वर्षं चालते, मग रिन्यू. नावापुढे टीएम (™) आजपासून लावता येतं, पण गोलातला आर (®) नोंदणीचं सर्टिफिकेट आल्याशिवाय लेबलवर छापू नका, त्यामुळे आत्ता लेबलांची ऑर्डर छोटीच टाका.