आयपी केव्हीएम की सिरियल कन्सोल सर्व्हर?

सर्व्हरचे रॅक दोन-तीनच, रात्री तिथे कुणी नसतं, आणि बिघाड घरबसल्या बघायचाय. अशांना हा प्रश्न पडतोच. आयपी केव्हीएम म्हणजे सर्व्हरचा पडदा, कीबोर्ड आणि माउस नेटवर्कवरून दूर बसून वापरू देणारी पेटी. सिरियल कन्सोल सर्व्हर म्हणजे यंत्रांच्या सिरियल पोर्टमधून येणारा मजकूर दुरून दाखवणारी आणि साठवून ठेवणारी पेटी. मी दोन्ही वापरतो.

आधी केव्हीएम. बायोसपासून (यंत्र सुरू होतानाचा पहिला पडदा) विंडोजच्या डेस्कटॉपपर्यंत सगळं जसंच्या तसं दिसतं, सर्व्हरमध्ये आधी काही बदलावं लागत नाही. तुमच्याकडे विंडोजच जास्त असेल तर केव्हीएम घ्या, मी आडवा येणार नाही. फक्त जावा मागणारं जुनं मॉडेल स्वस्तात मिळालं तरी नको.

माझा वैताग वेगळाच आहे. लिनक्स पॅनिक झाला, म्हणजे त्याचा गाभा (कर्नल) कोलमडून यंत्र थांबलं, की पडद्यावर उरतात शेवटच्या काही ओळी. खरं कारण वर असतं, आणि ते सरकून गेलेलं. कर्नल ५.९ पासून तर कन्सोलवर मागे जायची सोयच काढून टाकलीय. मग काय, रीसेट मारा आणि पुन्हा कधी पडतो याची वाट बघा! कन्सोल सर्व्हर मात्र रात्रभर कान देऊन बसलेला असतो. मरता मरता यंत्र जे बोललं ते सगळं लॉगमध्ये सापडतं. माझ्यापुरता निकाल इथेच लागला.

त्याचीही नाटकं आहेत. स्विच सेकंदाला ९६०० बिटांच्या गतीवर, सर्व्हर ११५२०० वर. गती चुकली की नुसता कचरा दिसतो. आरजे-४५ (नेटवर्क केबलचं असतं तसलं टोक) सगळीकडे सारखाच, पण पिनांची मांडणी कंपनीगणिक बदलते, तेव्हा केबलला लेबल लावाच. ग्रब (लिनक्स सुरू करून देणारा प्रोग्राम) आणि कर्नल दोघांनाही सिरियलवर बोलायला आधीच सांगून ठेवावं लागतं.

ऑगस्ट २०१९ मध्ये सांगलीच्या आयर्विन पुलापाशी कृष्णा ५७ फुटांवर गेली (धोक्याची पातळी ४५). सर्व्हर कुपवाड एमआयडीसीत, मी इस्लामपुरात अडकलेलो, मोबाइलला जेमतेम रेंज. केव्हीएमचं चित्र उघडेना, सिरियलची अक्षरं मात्र रखडत का होईना येत होती. तसा पूर काही रोज येत नाही, हेही खरं.

सर्व्हरमध्येच दुरून ताबा घ्यायला आयलो (एचपीचं), आयड्रॅक (डेलचं) आहेच की, असं कुणी म्हणेल. आहे, पण ग्राफिक कन्सोल पूर्ण वापरायचा तर बहुधा वेगळं लायसन्स लागतं, आणि स्विच-फायरवॉलला त्याचा काय उपयोग? माझं ऐकाल तर आधी फोरजी मोडेमवाला कन्सोल सर्व्हर घ्या. साध्या सिमला सहसा पब्लिक आयपी (बाहेरून थेट गाठता येईल असा पत्ता) मिळत नाही, म्हणून व्हीपीएन (सुरक्षित खाजगी जोडणी) आतून बाहेर बांधा, म्हणजे जोडणी कन्सोल सर्व्हरनेच सुरू करावी. विंडोजच्या एखाद-दुसऱ्या सर्व्हरसाठी एकपोर्टी केव्हीएम पुढच्या बजेटात बघता येईल.