सोसायटीचे सोलर: वापरानंतरचा अनुभव, आणि थोडे समितीच्या कारभाराबद्दल

नाशिकरोडला जेल रोडच्या बाजूला आमची चाळीस फ्लॅटची सहकारी सोसायटी आहे. गच्चीवर १४ किलोवॅटचे सोलर बसवून आता उन्हाळा, पावसाळा आणि दिवाळी पार पडली. ते चालते फक्त सामाईक मीटरवर, म्हणजे दोन लिफ्ट, पाण्याचा पंप, बोअरचा पंप, जिन्यातले आणि पार्किंगचे दिवे. घराघरांतले मीटर त्यात नाहीत. मी व्यवस्थापक समितीत नाही, सौर उपसमितीतही नाही. वर्गणी भरणारी सभासद म्हणून लिहिते आहे.

पॅनेल कोणते घ्यावे, इन्व्हर्टर कोणता, यावर भरपूर लिहिलेले सापडते. पण चाळीस घरांनी मिळून विजेची योजना आखायची, तर निर्णय कुणी घ्यायचा, हिशोब कुणी दाखवायचा, वाचलेले पैसे कुणाचे, हे कुणी लिहीत नाही. आमचा प्रकल्प नीट चालला आहे तो याच गोष्टी आधी ठरवल्यामुळे, असे माझे ठाम मत आहे.

आधी वापराबद्दल. सामाईक मीटरला महावितरण घरगुती दर लावते, आणि घरगुती दरात १००, ३००, ५०० युनिटचे टप्पे असतात. आमचा सामाईक वापर महिन्याला साधारण १६०० युनिट. म्हणजे दोन तृतीयांशांहून जास्त युनिट सर्वांत महागड्या टप्प्यात जात होते आणि बिल सत्तावीस-अठ्ठावीस हजारांच्या घरात येत होते. आता चांगल्या उन्हाच्या महिन्यांत जवळपास स्थिर आकारच भरावा लागतो. बिल शून्य होत नाही, कितीही युनिट तयार झाले तरी होत नाही. विक्रेता ‘झिरो बिल’ म्हणाला तर त्याला तिथेच थांबवा.

पावसाळ्यात उत्पादन चांगलेच घसरते. वर्षाची सरासरी धरली तर एका किलोवॅटमागे रोज चारेक युनिट मिळतात, जुलै-ऑगस्टमध्ये ती अडीच-तीनवर येते. पाऊस असल्याने बोअरचा पंप कमी चालतो, त्यामुळे फरक थोडा भरून निघतो. उन्हाळ्यात उलटे होते. ऊन भरपूर, पण बोअरही दिवसभर चालू.

लाइट गेली की सोलरही बंद पडते. हे बऱ्याच जणांना माहीत नसते. आमच्याकडेही पहिल्यांदा भरदुपारी वीज गेली तेव्हा ‘वर एवढे पॅनेल असताना लिफ्ट का थांबली’ म्हणून वॉचमनला फोनवर फोन आले. लाइन बंद असताना आपली वीज तारेत गेली तर खांबावर काम करणाऱ्या वायरमनच्या जिवावर बेतेल, म्हणून ग्रिडला जोडलेला इन्व्हर्टर आपोआप बंद होतो. लिफ्टसाठी जनरेटर ठेवलाच पाहिजे. हे आधीच्या सभेत सांगितले गेले असते तर बरे झाले असते, आणि इतिवृत्तात त्याचा उल्लेख नाही ही समितीची मला जाणवलेली पहिली उणीव.

आता कारभार. विषय निघाला तेव्हा पहिल्याच आठवड्यात एक विक्रेता गच्ची मोजून गेला आणि २५ किलोवॅटचे दरपत्रक देऊन गेला. किलोवॅटमागे साधारण शंभर चौरस फूट जागा लागते, गच्ची मोठी आहे, म्हणून २५. व्यवस्थापक समिती त्यावर ठराव करायच्या बेतात होती. तेव्हा काही सभासदांनी लेखी मागणी केली की आधी उपसमिती नेमा. विशेष सर्वसाधारण सभा झाली, पाच जणांची उपसमिती ठरली: दोन व्यवस्थापक समितीतले, तीन बाहेरचे. बाहेरच्या तिघांत एक वरच्या मजल्यावरचा सभासद हवाच, असे ठरावातच घातले. गच्चीला भोके पडली तर पाणी त्याच्या छतातून येणार, तेव्हा त्याचे म्हणणे सर्वांत आधी ऐकले गेले पाहिजे. दुसरी अट अशी की उपसमितीतल्या कुणाचा नातेवाईक दरपत्रक देणार असेल, तर त्या सदस्याने बाजूला व्हायचे. ही अट कागदावरच राहिली नाही. एक सदस्य तिच्यामुळे स्वतःहून बाहेर पडले, कुठलीही कटुता न येता.

या उपसमितीने पहिले काम केले ते मागच्या बारा महिन्यांची बिले एका तक्त्यात मांडण्याचे. वर्षाचा वापर सुमारे १९ हजार युनिट. एक किलोवॅट वर्षाला साधारण १४०० युनिट देतो. भागाकार केला की १४ किलोवॅट. मग २५ कशाला? कारण नेट मीटरिंगमध्ये (म्हणजे आपण लाइनला दिलेले युनिट घेतलेल्या युनिटमधून वजा करून बिल काढायच्या पद्धतीत) जास्तीचे युनिट महिन्याकाठी पुढे जमा होतात खरे, पण आर्थिक वर्ष ३१ मार्चला संपले की उरलेले युनिट महावितरण राज्य वीज नियामक आयोगाने ठरवलेल्या दराने घेते, आणि तो दर आपण विजेला मोजतो त्याच्या मानाने फारच कमी असतो. गच्ची भरून पॅनेल लावले असते तर सभासदांच्या पैशांतून स्वस्तात वीज विकायचा धंदा झाला असता. शिवाय सोलरची क्षमता मंजूर भारापेक्षा (महावितरणने मीटरला मंजूर केलेल्या किलोवॅटपेक्षा) जास्त घेता येत नाही, हाही नियम आहेच. दहा किलोवॅटपर्यंत तांत्रिक तपासणीची अट २०२४ पासून नाही, म्हणून ‘दहाच घ्या, काम लवकर होईल’ असाही आग्रह झाला. समितीने तोही मानला नाही. आकडा बिलांवरून काढला, तो तसाच ठेवला.

तो तक्ता सूचनाफलकावर लावला होता. मी कॉमर्सची नाही, इंजिनिअरही नाही, पण मला तो कळला. सभेत चर्चा भरकटली नाही याचे श्रेय मी त्या एका कागदाला देते.

पैशांवरून मात्र दोन सभा गेल्या. एकूण खर्च साडेनऊ लाखांच्या आसपास. पंतप्रधान सूर्यघर योजनेत सोसायटीच्या सामाईक वापरासाठी किलोवॅटमागे १८ हजार रुपये अनुदान आहे, म्हणजे आमचे २ लाख ५२ हजार. (घरगुती ग्राहकाला ३ किलोवॅटला मिळणारे ७८ हजार वेगळे, या दोन्हींत लोक नेहमी गल्लत करतात.) अनुदान काम पूर्ण झाल्यावर खात्यात येते, त्यामुळे आधी सगळी रक्कम उभी करावी लागते. काही जणांचे म्हणणे, सिंकिंग फंड पडून आहे, तो वापरा. समितीने नकार दिला. तो निधी इमारतीच्या पुनर्बांधणीसाठी आणि मोठ्या दुरुस्तीसाठी असतो. आज सोलरला काढला, उद्या रंगाला काढला, तर परवा कॉलम दुरुस्त करायला काही उरणार नाही. मला हा नकार अतिशय योग्य वाटला आणि मी सभेत तसे बोलले.

मग वर्गणी. मोठ्या फ्लॅटने जास्त द्यावी की सर्वांनी सारखी? सामाईक विजेचा खर्च आपण सेवा शुल्कात भरतो आणि सेवा शुल्क सर्व फ्लॅटना समान असते. तेव्हा बचतही समान वाटली जाणार, म्हणून वर्गणीही समान. तीन हप्त्यांत. थकबाकीदारांचा प्रश्न आलाच. आपल्या शेजारच्या जिल्ह्यात श्रीरामपूरची मुळा-प्रवरा वीज सहकारी संस्था होती. सहकारी तत्त्वावर वीज वितरण करणारी ती संस्था थकबाकीच्या ओझ्याखाली गेली आणि २०११ मध्ये तिथला परवाना महावितरणकडे आला. सभेत एका ज्येष्ठ काकांनी त्याची आठवण करून दिली आणि ठरावात एक ओळ वाढली: सोलरमुळे झालेली बचत कुणाची थकलेली देखभाल वर्गणी झाकायला वापरायची नाही. ही एक ओळ मला सगळ्या प्रकल्पात सर्वांत मोलाची वाटते.

गच्चीचा वाद सगळ्यांत जास्त रंगला, आणि तो सोडवला बायकांनी. चैत्र-वैशाखात आमच्या गच्चीवर कुरडया, पापड, सांडगे वाळतात. संक्रांतीला पतंग, कोजागरीला दूध. कमी खर्चाच्या आराखड्यात पॅनेल गच्चीला लागूनच येणार होते, म्हणजे हे सगळे बंद. खर्च कमी म्हणून समितीचा कल तिकडेच होता. आम्ही दहा-बारा जणी सभेच्या आधी एकत्र बसलो आणि उंच सांगाड्याचा पर्याय मागितला. माणूस खालून ताठ उभा राहून चालेल अशी उंची. खर्च वाढतो, वारा जास्त लागतो म्हणून लोखंड जाड लागते, पाया नीट लागतो. समितीने दोन्ही दरपत्रके मागवली, स्ट्रक्चरल इंजिनिअरचा दाखला घेतला आणि दोन्ही पर्याय मतदानाला ठेवले. उंच सांगाडा मोठ्या फरकाने निवडला गेला. आता या कोजागरीला आम्ही पॅनेलखालीच बसलो होतो. पतंग मात्र गच्चीच्या अर्ध्या भागातच उडवायचे ठरले आहे, मुलांना ते आवडलेले नाही आणि त्यांची बाजू मला पटते.

उपसमितीतल्या एका काकू मुलीकडे कॅलिफोर्नियात राहून आल्या होत्या. तिथे २००२ च्या कायद्याने शहरांना आणि काउंटींना (काउंटी म्हणजे आपल्या जिल्ह्यासारखा भाग) आपल्या रहिवाशांसाठी स्वतः वीज खरेदी करायची मुभा मिळाली. मरिन काउंटीतली अशी पहिली संस्था २०१० मध्ये सुरू झाली. तारा, खांब आणि बिल जुन्या वीज कंपनीचेच, वीज कुठून घ्यायची ते मात्र स्थानिक लोकप्रतिनिधींचे मंडळ ठरवते. रहिवासी आपोआप सामील होतो, नको असेल तर बाहेर पडता येते. मंडळाच्या नियमित बैठकीची विषयपत्रिका किमान ७२ तास आधी जाहीर करावी लागते, आणि जाहीर न केलेल्या विषयावर सहसा निर्णय घेता येत नाही. काकूंनी आग्रह धरला तो या शेवटच्या गोष्टीचा. आमच्या वार्षिक सभेला चौदा दिवसांची सूचना उपविधींप्रमाणे मिळतेच, पण उपसमितीच्या बैठकीला कसलाच नियम नव्हता. आता तीन दिवस आधी विषय फलकावर आणि व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर येतात, कुणीही सभासद येऊन बसू शकतो. बाहेर पडायची सोय आमच्याकडे शक्य नाही. लिफ्ट सर्वांची एकच आहे. म्हणून तर सूचना वेळेवर मिळणे आमच्यासाठी जास्त गरजेचे.

काम मिळालेल्या कंत्राटदाराने सांगाडा वेळेत उभा केला आणि नंतर नेट मीटरच्या कागदपत्रांत बराच वेळ घालवला. पॅनेल वर लागलेले आणि बिल जुनेच, असे काही आठवडे गेले. शेवटचा हप्ता नेट मीटर सुरू झाल्यावरच द्यायचा, असे करारात होते म्हणून तो पुन्हा पुन्हा हजर झाला. करार करताना ही अट सोडू नका. अनुदानासाठी पॅनेल देशी सेलचेच लागतात, तेही पॅनेलचे क्रमांक तपासून घ्या.

देखभालीबद्दल थोडे. २०२७ च्या सिंहस्थासाठी रस्त्यांची कामे निघाली आहेत, त्यामुळे धूळ फार. पॅनेल महिन्यातून दोनदा धुतो, सकाळी ऊन चढायच्या आत. बोअरच्या पाण्याने पांढरे डाग पडायला लागले, आता महापालिकेचे पाणी वापरतो. नाशिकला अवकाळी आणि गारपीट नवी नाही, म्हणून इमारतीच्या विम्यात पॅनेल घालून घेतले आहेत.

दर महिन्याला आयात युनिट, निर्यात युनिट, जमा युनिट आणि भरलेली रक्कम असा चार ओळींचा कागद लिफ्टशेजारी लागतो. एप्रिलमध्ये वर्षाचा हिशोब आणि पुढच्या वर्षाचा आराखडा तयार होतो, सप्टेंबरच्या वार्षिक सभेत मंजुरीला येतो. यंदाच्या आराखड्यात बचतीचे तीन भाग केले आहेत. मोठा भाग सभासदांची वर्गणी देखभाल शुल्कातून वळती करायला, एक भाग विमा आणि धुण्याला, आणि एक भाग इन्व्हर्टर निधीला. पॅनेलची कामगिरीची हमी २५ वर्षांची असते, इन्व्हर्टर मात्र त्याच्या निम्म्या काळातच बदलावा लागतो. तेव्हा पुन्हा सगळ्यांकडे हात पसरायची वेळ येऊ नये. सभेत ‘सगळी बचत लगेच वाटा’ अशीही सूचना आली होती, ती फेटाळली गेली. बरे झाले.

जे पटले नाही तेही लिहिते. आमच्या चाळीसपैकी बऱ्याच घरांत भाडेकरू आहेत. लिफ्ट ते वापरतात, देखभाल शुल्काचा भार बहुतेक वेळा भाड्यातून त्यांच्यावरच पडतो, गच्चीवर पापड त्यांचेही वाळतात. सभेत मात्र त्यांना आवाज नाही. कायद्याने मत सभासदाचेच, हे मला मान्य आहे. पण उपसमितीच्या खुल्या बैठकीत भाडेकरूला बसू द्यायला आणि बोलू द्यायला कुठलाच कायदा आड येत नाही. दुसरे म्हणजे सगळे तक्ते एकच व्यक्ती करते. त्या आजारी पडल्या तेव्हा एका महिन्याचा कागद लागलाच नाही. दोघांना तरी हे काम यायला हवे.

आमच्या वरच्या मजल्यांवरून एकलहऱ्याच्या औष्णिक केंद्राच्या चिमण्या दिसतात. आमच्या १४ किलोवॅटने त्या ६३० मेगावॅटच्या केंद्राला काडीचा फरक पडत नाही, हे मला कळते. तरी आमच्या लिफ्टपुरता तरी कोळसा जळत नाही, याचे मला मनापासून समाधान आहे. नाशिकरोडला अशा किती गच्च्या रिकाम्या आहेत, ते येता-जाता दिसते.

मी शिफारस करेन का? करेन, पण एका अटीवर: दरपत्रक मागवायच्या आधी उपसमितीचा ठराव लिहून काढा. आमच्या ठरावाचा मसुदा आणि बिलांचा तक्ता आजूबाजूच्या दोन सोसायट्यांनी नेला आहे.

पुढच्या आराखड्यात पार्किंगमध्ये इलेक्ट्रिक गाड्यांच्या चार्जिंगचा विषय येतो आहे. आमच्याकडे आठ-दहा ई-स्कूटर आहेत, एक-दोन कार येतील. समितीचा विचार सामाईक मीटरवरूनच चार्जिंग द्यायचा आणि फ्लॅटमागे सारखा आकार लावायचा आहे. हे मला मान्य नाही. लिफ्ट सगळ्यांची आहे, स्कूटर सगळ्यांकडे नाही. चार्जिंगला उपमीटर लावून वापरेल त्याने युनिटप्रमाणे पैसे द्यावेत, अशी लेखी सूचना मी दिली आहे. सोबत भाडेकरूंना बैठकीत बसू देण्याची दुसरी सूचनाही जोडली आहे. दोन्हींना अनुमोदक मिळाले आहेत, आणि पुढच्या बैठकीच्या विषयपत्रिकेवर दोन्ही विषय लागले आहेत.