घरी छापलेल्या देवनागरी लेबलांसाठी पारदर्शक कीकॅप

मेकॅनिकल कीबोर्डवर (प्रत्येक कळीखाली स्वतंत्र स्विच असलेल्या कीबोर्डवर) इनस्क्रिप्टने, म्हणजे भारतीय लिपींसाठीच्या प्रमाण कळमांडणीने, मराठी लिहिणाऱ्यांना देवनागरी अक्षरांचे कीकॅप (कळींवरच्या काढता येणाऱ्या टोप्या) बाजारात सहजासहजी मिळत नाहीत. चिकटवायच्या तयार लेबलांच्या कडा बोटांच्या घामाने सुटू लागतात आणि उष्णतेने रंग मुरवण्याची पद्धत पीबीटी या प्लास्टिकला चालत असली, तरी एबीएस या दुसऱ्या प्लास्टिकचे कीकॅप त्या तापमानाला वाकडे होतात. म्हणून मी दोन भागांचे पारदर्शक कीकॅप घेतले. बिलिंग काउंटरवरच्या कीबोर्डांत ते पूर्वीपासून वापरात आहेत. खालचा भाग स्विचच्या अधिकचिन्हासारख्या दांड्यावर बसतो, वर पारदर्शक झाकण येते आणि या दोहोंमध्ये आपण छापलेला कागद राहतो. बोट कागदाला लागतच नसल्यामुळे अक्षर झिजत नाही.

खरे कौशल्य लागते ते छपाईत. इनस्क्रिप्टमध्ये ‘एन’च्या कळीवर ल आणि शिफ्टसह ळ, तर ‘एफ’वर ऱ्हस्व वेलांटी आणि शिफ्टसह इ असते, त्यामुळे रोमन अक्षर धरून एका इवल्याशा चौकोनात तीन चिन्हे बसवावी लागतात. बारीक वळणाच्या फाँटची शिरोरेषा या आकारात पुसट होते. मुंबईच्या एक टाइपचा ‘मुक्ता’ हा मोफत फाँट मध्यम जाडीत मला सर्वांत स्वच्छ वाटला. नुसती वेलांटी टाइप केली की तिच्याशेजारी ठिपक्यांचे वर्तुळ उमटते; आधी नॉन-ब्रेकिंग स्पेस (जिथे ओळ तुटत नाही अशी मोकळी जागा) दिल्यास ते जाते. पाय मोडण्याच्या चिन्हाला मात्र मी ते वर्तुळ मुद्दाम ठेवले, कारण त्यावाचून ती तिरकी रेघ कशाची, हे कळत नाही. कागद झाकणाच्या आतल्या मापापेक्षा किंचित लहान कापावा. जाड फोटो पेपर घातला, तर झाकण पुरते बसत नाही आणि कळ दाबताना खुळखुळते.

स्पर्शाच्या बाबतीत हे कीकॅप डावेच आहेत. पृष्ठभाग सपाट व निसरडा असून सर्व ओळींची उंची सारखीच आहे, शिवाय ‘एफ’ आणि ‘जे’वर बोटांना जागा सांगणारे उंचवटे नाहीत. त्या दोन ठिकाणी मी मूळ कीकॅपच ठेवले. र ‘जे’वर आणि ऱ्हस्व वेलांटी ‘एफ’वरच असल्याने, ती कुठे आहेत हे पाहावे लागणाऱ्याला एवढा खटाटोप करूनही फारसा उपयोग व्हायचा नाही. कीबोर्डखालचा दिवाही कागदाआड झाकला जातो, पण अक्षरे ठळक असल्याने मला त्याचे दुःख नाही.

मराठीला खरी अडचण येते ती बॅकस्लॅशच्या कळीपाशी. ‘डॉक्टर’मधला ॉ आणि ‘ऑफिस’मधला ऑ इनस्क्रिप्टमध्ये तिथे आहेत, आणि अमेरिकी मांडणीत ती कळ नेहमीच्या कळीच्या दीडपट रुंद असते. हा संच एकपट रुंदीचाच असल्याने तिथे चिकटवायच्या लेबलाला पर्याय उरत नाही. दीडपट रुंदीचे सुटे कीकॅप विक्रेत्याकडे आहेत का, हे मागणी नोंदवण्याआधीच विचारून घ्यावे.