आमच्याच आठवणी आम्हाला ऐकवणारा 'वर्गमित्र'

आमच्या दहावीच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर चाळीस-बेचाळीस वर्षांनी एक वर्गमित्र 'सापडला'. बरेच महिने आमच्यात राहिला, वाढदिवसाला सगळ्यांत आधी शुभेच्छा देऊ लागला, आणि मग आमच्यातल्या अनेकांना एकेकट्याला गाठून पैसे घेऊन नाहीसा झाला. नाव खऱ्या वर्गमित्राचं होतं. माणूस कोण होता, ते आजही कळलेलं नाही. हे ग्रुपमधल्या सगळ्यांना विचारून, त्यांच्या संमतीनं लिहिते आहे. असे ग्रुप बंद व्हावेत असं मला अजिबात वाटत नाही. साठीच्या आसपास आपल्याला नुसत्या नावानं, 'अगं तू' म्हणून हाक मारणारी माणसं फार उरत नाहीत. ती या ग्रुपवर भेटतात, आणि म्हणूनच तिथे शिरलेल्या चोराचा मला जास्त राग आहे.

तो आत कसा आला, ते आधी सांगते. आमची बॅच 1979 ची. एका मैत्रिणीनं नेटानं एकेकाला शोधून ग्रुप उभा केला होता, तरी काही नावं हाती लागत नव्हती. म्हणून 'अजून न सापडलेले' अशी यादी फेसबुकवर टाकली गेली. सोबत वर्गाचा फोटो, फोटोखाली रांगेनं नावं, वर्गशिक्षिका कोण होत्या ते, आणि शेवटी ग्रुपची लिंक. पोस्ट सगळ्यांना दिसणारी, कारण हेतूच तो होता. लिंक दाबली की कुणीही थेट आत येत होतं.

काही आठवड्यांनी त्या यादीतल्या एका नावानं मेसेज आला, "ओळखलंत का रे मला?" मग काय विचारता! ज्यानं त्यानं त्याला आठवणींनी न्हाऊ घातलं. तू खिडकीपाशी बसायचास ना? तुझी सायकल चोरीला गेली होती ती सापडली का रे पुढे? स्नेहसंमेलनातल्या नाटकात तू शिपाई झाला होतास, आठवतं? त्याला सगळं आठवत होतं. "हो गं, ती सायकल! घरी काय बोलणी खाल्ली होती!" असं तो लिहायचा आणि आम्ही हसायचो.

नंतर आमच्या एका मैत्रिणीनं ग्रुपवरचं सगळं संभाषण मागे जाऊन वाचलं. त्यात एक गोष्ट स्वच्छ दिसली. एवढ्या महिन्यांत त्यानं स्वतःहून एकही आठवण काढली नव्हती. प्रत्येक वेळी आधी दुसरं कुणीतरी लिहायचं आणि हा त्याला दुजोरा द्यायचा. कधी एखाद्याशी खासगीत बोलताना दुसऱ्यानं ग्रुपवर सांगितलेली गोष्ट आपली म्हणून सांगायचा. शाळेबद्दल त्याला एक अक्षरही माहीत असायची गरज नव्हती. ते आम्ही रोज पुरवत होतो.

दुसरीही एक खूण होती, आणि ती मला जास्त महत्त्वाची वाटते. तो कधीही काहीही विसरला नाही. आमच्या ग्रुपवर खरे वर्गमित्र सतत भांडतात. भूगोलाला बाई होत्या की सर, सहल कोणत्या वर्षी गेली, नाटकात राजा कोण झाला होता, यावर दोन-दोन दिवस वाद चालतात. "मला बुवा काही आठवत नाही" हे वाक्य रोज कुणीतरी लिहितं. हा मात्र सगळ्यांशी सहमत. वाद झाला की दोघांनाही "तुझंही बरोबर आहे" म्हणायचा. इतका गोड स्वभाव म्हणून त्याचं कौतुक व्हायचं.

माणसाची स्मृती इथे कशी काम करते, ते मी नंतर मुद्दाम वाचलं. शाळासोबत्यांच्या आठवणींवरचा एक गाजलेला अभ्यास 1975 चा आहे. हॅरी बॅहरिक आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी अमेरिकेतल्या 392 जणांना त्यांच्या शाळेच्या वार्षिकांकातले फोटो दाखवले होते. त्यातल्या काहींना शाळा सोडून चार दशकांहून जास्त काळ लोटला होता. तीन दशकं उलटलेल्यांनीही वर्गसोबत्यांचे चेहरे नव्वद टक्क्यांच्या आसपास अचूक ओळखले. पण कशाचाही आधार न देता नावं सांगा म्हटलं, तर कामगिरी फार खाली आली. म्हणजे समोर ठेवलेलं आपण झटकन ओळखतो, मनानं आठवायचं म्हटलं की अडतो. आमच्या माणसानं प्रोफाइलला काय लावलं होतं? आम्हीच टाकलेल्या वर्गफोटोतून कापलेला त्या मुलाचा चेहरा. आम्ही तो चेहरा ओळखला, ते बरोबरच होतं. फोनच्या पलीकडे बसलेल्या साठीच्या माणसाला मात्र आमच्यातल्या एकानंही पाहिलं नव्हतं. व्हिडिओ कॉलचा विषय निघाला की त्याचा कॅमेरा बिघडलेला असायचा, किंवा तो असेल तिथे नेटवर्क नसायचं.

त्याहून अस्वस्थ करणारी गोष्ट पुढे आहे. आमच्यातल्या दोघांना तो नाटकात स्पष्ट दिसू लागला होता, हातातल्या भाल्यासकट. प्रत्यक्षात तो मुलगा त्या नाटकात नव्हताच. पहिल्या दिवशी कुणीतरी अंदाजानं विचारलं, यानं होकार दिला, आणि मग बाकीच्यांच्याही डोळ्यांसमोर तो उभा राहिला. एलिझाबेथ लॉफ्टस आणि जॅकलिन पिकरेल यांनी 1995 मध्ये असाच प्रयोग प्रसिद्ध केला होता. 24 जणांना, तुम्ही लहानपणी बाजारसंकुलात हरवला होतात, अशी न घडलेली हकिगत घरच्यांच्या हवाल्यानं सांगितली. साधारण चौथ्या हिश्श्यातल्या लोकांना ती पूर्ण किंवा थोडीफार 'आठवली'. तेव्हा "आम्हाला तो चांगला आठवतो" हा कुणाच्या ओळखीचा पुरावा होऊच शकत नाही.

पैशांचा विषय त्यानं ग्रुपवर कधीच काढला नाही. आमचे पी. टी. चे सर सगळ्यांचे लाडके, त्यांच्याबद्दल ग्रुपवर वारंवार बोलणं व्हायचं. यानं एकेकाला खासगीत लिहिलं की सर हॉस्पिटलमध्ये आहेत, मी भेटून आलो, परिस्थिती बिकट आहे. सोबत ऑक्सिजनचा मास्क लावलेल्या एका वृद्धाचा फोटो. मास्कमुळे अर्धा चेहरा झाकलेला. पुढचं वाक्य असं होतं: "घरचे मानी आहेत, कुणाला कळलं तर त्यांना फार लागेल. ग्रुपवर टाकू नकोस, त्यांना फोनही करू नकोस. तुझं मन मोठं आहे म्हणून फक्त तुलाच सांगतोय." हे 'फक्त तुलाच' अनेकांना गेलं होतं, जवळजवळ शब्दाला शब्द. प्रत्येकाला वाटलं, हे गुपित आपल्या एकट्याकडे आहे आणि ते जपणं हे आपलं कर्तव्य आहे. खातं सरांच्या नावावर नव्हतं, तर 'बिलं पाहणाऱ्या माणसाचं' होतं. पैसे पाठवताना स्क्रीनवर भलतंच नाव दिसायचं, त्याचा खुलासा त्यानं आधीच करून ठेवलेला असायचा.

उलगडा झाला तो फोटोमुळेच. फेसबुकवर टाकलेल्या त्या वर्गफोटोखाली मॉनिटरचं आणि दुसऱ्या एका मुलाचं नाव उलटसुलट छापलं गेलं होतं. लिहिणारीकडून घाईत झालं, कुणाच्या लक्षात आलं नाही. एक दिवस यानं आमच्या वर्गाच्या मॉनिटरला लिहिलं, "फोटोच्या वेळी मी तुझ्या डाव्या हाताला उभा होतो, तू मला चिमटा काढला होतास." मॉनिटरच्या डाव्या हाताला होता दुसराच मुलगा, त्याचा आजतागायतचा जिवलग मित्र. नावांच्या ओळीप्रमाणे मात्र याचं म्हणणं बरोबर येत होतं. मॉनिटरनं ते त्या मित्राला सांगितलं, त्यानं फोटो काढून पाहिला, आणि संध्याकाळपर्यंत दोघांनी मिळून सरांच्या मुलीला फोन लावला. सर ठणठणीत होते. फोनवर स्वतः आले आणि त्यांनी दोघांचीही विचारपूस केली.

पुढे जे घडलं त्यात नुकसान वाढलं. संतापाच्या भरात त्याला तडकाफडकी ग्रुपमधून काढलं गेलं. तो सावध झाला, नंबर बंद, फोटो गायब. काहींनी शरमेनं त्याच्याशी झालेलं सगळं खासगी बोलणं पुसून टाकलं. तक्रार नोंदवताना नेमकं तेच मागितलं गेलं: मेसेजचे स्क्रीनशॉट, त्याचा नंबर, पैसे पाठवल्याचा व्यवहार क्रमांक, तारीख, वेळ. म्हणून संशय आला तर आधी सगळं जपून ठेवा, चॅट एक्स्पोर्ट करून दुसऱ्या एखाद्याकडे पाठवा, बँकेला कळवा आणि मगच त्याला काढा. ज्यानं त्याच दिवशी पैसे पाठवले होते आणि लगेच बँकेला फोन केला, त्याचे थोडे पैसे पुढच्या खात्यात गोठवले गेले. आधीच्यांचे तोवर कुठल्या कुठे गेले होते. भारतात यासाठी 1930 हा राष्ट्रीय हेल्पलाइन क्रमांक आहे, आणि सायबरक्राइम डॉट गव्ह डॉट इन या सरकारी पोर्टलवरही तक्रार करता येते. बाहेरदेशी राहणारे सोबतीही त्याच्या गळाला लागू शकतात. अमेरिकेत एफबीआयचं आयसी3 हे तक्रार केंद्र आहे, ब्रिटनमध्ये 159 वर फोन केला की बहुतेक मोठ्या बँकांशी थेट जोडून देतात. पण सगळ्यात आधी आपली बँक. तासाभराचा उशीरही इथे महाग पडतो.

अनेकांनी घरी सांगितलं नाही. "मुलं म्हणतील, आता आईच्या हातात फोन देऊ नका," असं एक मैत्रीण म्हणाली, आणि ग्रुप सोडून गेली. मला या सगळ्या प्रकरणात सर्वांत जास्त हेच लागलं. ज्यांनी पैसे दिले ते आजारी गुरुजींसाठी दिले. त्यात लाज वाटण्यासारखं कणभरही नाही, आणि घरच्या मुलांनो, हे वाचत असाल तर कृपा करून आधी आईवडिलांची बाजू घ्या. तुम्ही रागावलात, तर पुढच्या वेळी ते तुम्हाला कळवणार नाहीत.

ज्याचं नाव वापरलं गेलं तो खरा वर्गमित्रही नंतर चुलतभावाच्या ओळखीतून सापडला. स्मार्टफोन वापरत नाही. आपल्या नावावर हे झालं म्हणून तोच आमची माफी मागत होता. आता आम्ही ग्रुपची जुनी लिंक रीसेट केली आहे, नव्या सदस्याला ॲडमिनच्या मंजुरीशिवाय प्रवेश नाही, आणि नावांसकट फोटो खुल्या पोस्टमधून काढले आहेत. नवीन कुणी आलं की त्याच्या बाकावर किंवा गल्लीत राहिलेला माणूस आधी त्याच्याशी फोनवर बोलतो, तेही ग्रुपवर कधीच न आलेल्या गोष्टींवर. आपण सांगायचं नाही, त्याला सांगू द्यायचं. न घडलेला एखादा प्रसंगही विचारतो. खरा माणूस गोंधळतो, "असं कधी झालं होतं?" म्हणतो. मदतीची हाक आली तर ती ग्रुपवरच चर्चेला येते आणि ज्याला गरज आहे त्याच्या घरी आपल्याकडे आधीपासून असलेल्या नंबरवर फोन जातो. 'कुणाला सांगू नकोस' असं ज्या मदतीसोबत येईल, ती मदत द्यायची नाही, एवढं आम्ही पक्कं ठरवलं आहे.

खऱ्या मित्राच्या खऱ्या नंबरवरूनही धोका आहेच. "चुकून माझा सहा आकडी कोड तुझ्याकडे आलाय, पाठव ना" असा मेसेज आला आणि तुम्ही तो पाठवलात, तर तुमचं व्हॉट्सॲप दुसऱ्याच्या फोनवर सुरू होतं आणि पुढची मागणी तुमच्या नावानं सगळ्या वर्गाला जाते. सेटिंग्जमधलं टू-स्टेप व्हेरिफिकेशन चालू करून पिन ठेवा. हल्ली आवाजाचीही नक्कल करता येते, तेव्हा नुसत्या व्हॉइस मेसेजवरही पैसे पाठवू नका.

आणखी एक. आमच्या तक्रारीनंतर थोड्याच दिवसांत, पैसे गेलेल्या काहींना फोन येऊ लागले, "सायबर विभागातून बोलतोय, तुमचे पैसे सापडलेत, सोडवायला आधी प्रक्रिया शुल्क भरा." एकाला तर स्क्रीन शेअरिंगचं ॲप घ्यायला लावत होते. फसलेल्यांचे नंबर अशा टोळ्यांच्या हाती असतात, आणि पैसे परत मिळण्याच्या आशेनं माणूस पुन्हा ऐकतो. गोठवलेले पैसे सोडवायला कुणी खरा अधिकारी फोनवर शुल्क मागत नाही. असा फोन आला तर काहीही न बोलता ठेवून द्या, आणि जिथे तक्रार दिली त्या पोलिस ठाण्याला स्वतः फोन लावून तो नंबर कळवा.