ऑगमेंटेड कॉर्ड शिकवणारा ऑनलाइन अभ्यासक्रम: कान तयार होतो, लेखन कच्चे राहते

माझ्याकडील हार्मनीच्या (पाश्चात्य संगीतातील स्वरमेळाच्या) पुस्तकांत ऑगमेंटेड कॉर्डला, म्हणजे सारख्या अंतरावरचे तीन स्वर एकत्र वाजवून होणाऱ्या स्वरसमूहाला, जेमतेम अर्धे पान मिळाले असल्यामुळे, केवळ याच विषयाला वाहिलेला ध्वनिमुद्रित ऑनलाइन अभ्यासक्रम दिसताच मी त्याचे शुल्क भरले. तो पूर्ण करून आणि त्यातील बहुतेक उदाहरणे कीबोर्डवर स्वतः वाजवून पाहिल्यावर हा अभिप्राय लिहीत आहे.

कॉर्डच्या रचनेचा भाग शिक्षकांनी थोडक्यात आटोपला आहे आणि ते योग्यच आहे. सी, ई आणि जी शार्प (शार्प म्हणजे अर्धस्वर चढा, फ्लॅट म्हणजे अर्धस्वर उतरा) यांच्यात प्रत्येकी चार अर्धस्वरांचे, म्हणजे कीबोर्डवरच्या चार लगतच्या पट्ट्यांचे, अंतर असते, जी शार्पपासून वरच्या सीपर्यंतही तेवढेच अंतर उरते, आणि त्यामुळे सप्तकाचे तीन सारखे भाग होऊन बारा स्वरांवर रचलेल्या बारा ऑगमेंटेड कॉर्ड प्रत्यक्षात चारच स्वरसमूहांत सामावतात. यांतला मूळ स्वर कोणता, हे नुसते ऐकून सांगता येत नाही. ही कॉर्ड अधांतरी वाटते ती त्यामुळेच.

शिक्षकांची खरी मेहनत ही कॉर्ड कोठे जाऊन स्थिरावते हे दाखवण्यात दिसते. सी ऑगमेंटेडवरून एफ मेजरवर जाताना सी जागेवर राहतो, तर ई आणि जी शार्प प्रत्येकी एक अर्धस्वर चढून अनुक्रमे एफ आणि ए यांवर विसावतात. हे बहुतेक विद्यार्थ्यांना ठाऊक असते. मला विशेष भावला तो त्यापुढचा पाठ, ज्यात एका वेळी एकच स्वर हलवला आहे: तिन्हींपैकी कोणताही स्वर अर्धस्वर उतरवला की एक मेजर कॉर्ड मिळते (सी, ई किंवा ए फ्लॅट), आणि कोणताही स्वर अर्धस्वर चढवला की एक मायनर कॉर्ड मिळते (ए, सी शार्प किंवा एफ). एका कॉर्डमधून निघणाऱ्या या सहा वाटा सलग वाजवून पाहिल्यावर, जे मी आजवर नियम म्हणून पाठ केले होते ते प्रथमच कानाला पटले. जर्मन संगीतशास्त्रज्ञ कार्ल फ्रीडरिख वाइट्समान यांनी १८५३ मध्ये या कॉर्डवर स्वतंत्र ग्रंथच लिहिला, आणि संगीतकार फ्रान्झ लिस्ट यांच्या ‘फाउस्ट सिंफनी’च्या आरंभी चार ऑगमेंटेड कॉर्डच्या स्वरांतूनच बाराही स्वर येऊन जातात, हे संदर्भ शिक्षकांनी याच पाठात दिले आहेत. सी मेजर, सी ऑगमेंटेड, सी सिक्स्थ, सी सेवंथ आणि मग एफ या कॉर्डमालेतली ‘जी’, ‘जी शार्प’, ‘ए’, ‘बी फ्लॅट’ अशी वर सरकणारी स्वरांची ओळही छान समजावली आहे, मात्र तिच्यासाठी दिलेला वेळ फारच अपुरा वाटला.

तक्रार आहे ती स्वाध्यायांविषयी. उत्तरे पडद्यावरच्या कीबोर्डवर द्यायची असल्यामुळे जी शार्प आणि ए फ्लॅट यांत फरकच उरत नाही. वास्तविक जी शार्प लिहिला तर त्याचा ओढा वर ‘ए’ स्वराकडे असतो आणि ए फ्लॅट लिहिला तर खाली ‘जी’ स्वराकडे. म्हणजे कॉर्ड कशी लिहिली आहे यावरून ती कोठे जाणार याचा अंदाज येतो, आणि नेमकी तीच सवय येथे लागत नाही. मी शेवटी प्रत्येक स्वाध्याय वहीवर स्टाफ नोटेशनमध्ये (पाच रेघांवरच्या पाश्चात्य स्वरलेखनात) लिहूनच सोडवला.

शेवटच्या पाठात ऑगमेंटेड सिक्स्थ कॉर्ड घेतल्या आहेत, त्या तेथे नसत्या तरी चालले असते. ए फ्लॅट आणि एफ शार्प हे स्वर विरुद्ध दिशांना सरकून ‘जी’ स्वराच्या सप्तकावर उघडतात, हे सांगणे बरोबर आहे. पण ऑगमेंटेड ट्रायडशी (वरच्या तीन स्वरांच्या ऑगमेंटेड कॉर्डशी) या कॉर्डचे साम्य नावापुरतेच आहे, हे स्पष्ट न केल्यामुळे नवख्या विद्यार्थ्याचा गोंधळ होण्याची शक्यता बरीच आहे. ज्याला मेजर-मायनर कॉर्ड आणि त्यांची इन्व्हर्शन्स (त्याच कॉर्डचा वेगळा स्वर तळाशी घेतलेली रूपे) सहज वाजवता येतात, त्याने हा एक पाठ वगळून उरलेला अभ्यासक्रम जरूर घ्यावा.