शेवटच्या महिन्यांत घरी कोण बोलवावं: फिजिओ की ऑक्युपेशनल थेरपिस्ट?

बाबांचा कॅन्सर बरा होणार नाही हे कळल्यावर आम्ही आधी फिजिओथेरपिस्ट लावले, महिन्याभराने ऑक्युपेशनल थेरपिस्ट, म्हणजे रोजची कामं माणसाला स्वतःला करता यावीत म्हणून मदत करणारे. दोघांचंही काम जवळून पाहिलं, म्हणून लिहितो.

फिजिओंबद्दल तक्रार नाही. आखडलेले सांधे मोकळे करणं, छातीतला कफ सुटायला मदत करणं, यात त्यांचा हात धरणारं कुणी नाही. कफाचाच त्रास जास्त असेल तर त्यांनाच आधी बोलवा.

आमचं अडलं एका जागी. सकाळचा अर्धा तास व्यायाम झाला की बाबांची दिवसभराची ताकद तिथेच संपायची. आज बारा पावलं चालले म्हणून आम्ही खूश, आणि बाबा संध्याकाळपर्यंत डोळे मिटून पडलेले. दाढी मी करून द्यायचो. जन्मभर रोज स्वतः दाढी केलेला माणूस. मी रेझर लावला की ते भिंतीकडे बघत राहायचे. मला ते बघवेना.

ऑक्युपेशनल थेरपिस्ट मॅडमनी पावलं मोजलीच नाहीत. "काका, स्वतःच्या हाताने काय करावंसं वाटतं?" एवढंच विचारलं. मग आरसा टेबलावर, बसल्या नजरेसमोर आणला. कोपरं टेकवायला लावली. रेझरच्या दांड्यावर फोमची नळी चढवली, म्हणजे पकड सैल झाली तरी तो निसटत नाही. आंघोळ संध्याकाळवर ढकलली. एक गाल झाला की विश्रांती. वीस मिनिटं लागली, पण हनुवटीखालचा भाग सोडून दाढी बाबांनी केली.

जागतिक आरोग्य संघटनेच्या पॅलिएटिव्ह केअरच्या (गंभीर आजारात त्रास कमी करून जगणं सुसह्य करणारी काळजी) २००२ च्या व्याख्येत मृत्यूपर्यंत शक्य तितकं सक्रिय जगता यावं यासाठी आधार द्यावा, असं आहे. सक्रिय म्हणजे चालणं, असं मी धरून बसलो होतो.

पलंगाशेजारी कमोडची खुर्ची, धाप लागली की चेहऱ्यावर छोट्या पंख्याचा वारा, हेही मॅडमनीच सुचवलं. अर्थात त्या मोजक्याच वेळा येतात; रोजचं घरच्यांनाच निभवावं लागतं. आणि पॅलिएटिव्ह केअरमध्ये मुरलेले फिजिओही ताकद राखूनच काम करत असतील, आमच्या वाट्याला तसे आले नाहीत इतकंच.

तरी एकालाच बोलवायचं झालं तर मी ऑक्युपेशनल थेरपिस्टला बोलवेन. आणि अगदी पहिल्याच आठवड्यात. आम्ही घालवलेला तो महिना बाबांच्या हातात सर्वांत जास्त ताकद होती तेव्हाचा होता.